लाकडाचे फूल

पार्से, पेडणे
१४ जुलै १९८६

चि. सुमंगला हिला आजोचा आशीर्वाद.

बाय, आधी एक सांगतो, मग बाकीचे. यापुढे उघडे कार्ड पाठवू नकोस. पाकीट घे, डिंक लाव आणि मग पाठव. तुझे चित्राचे कार्ड परवा आले. ते पोस्टमन जयरामने पारावर बसून मोठ्याने वाचले. मी वाच म्हटले नव्हते. पुढे इगर्जीचे चित्र आणि मागे तुझे अक्षर, ‘आजो, मी रविवारी इथे जाऊन बसते. फार बरे वाटते.’ जयराम म्हणाला, “बाबाजी, नातीला बरं वाटतं हो! आता तुमची चवथ नि नाताळ एकदमच करा, पुऱ्या एकदाच तळायच्या!” पारावरचे सगळे हसले. मीही हसलो. न हसून काय करणार? घरी आलो आणि कार्ड तांदळाच्या डब्यामागे ठेवले. तुझ्या आईला दाखवले नाही.

रागावलो नाही. पण विचारल्याशिवाय राहवत नाही. तिथे नुसती बसतेस की गुडघे टेकतेस? पाद्री काही खायला देतो का? दिले तर घेऊ नकोस.

तुला लिस्बनला पाठवायला घरात कोणी तयार नव्हते. तुझा बाप सगुण विषय निघाला की उठून जायचा. तुझी आई वत्सला चुलीकडे तोंड करून रडायची. मीच म्हटले, पोर हुशार आहे, झाडांच्या रोगांची विद्या शिकून येईल, आपल्याच माडांना उपयोग होईल. निघताना देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे मीच घातले. साऱ्या घरासाठी देवाकडे बोलायचे काम आमच्यात थोरल्याचे. मुलीचे नाव त्यात घेत नाहीत, ती पुढे दुसऱ्या घरची होणार म्हणून. मी तुझे घेतले. भावकीतले एकमेकांकडे बघू लागले, तरी शेवटी सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले.

म्हणजे तुझ्या बऱ्यावाइटाचा धनी मी झालो. लोक तुला विचारणार नाहीत, मला विचारतील.

जेवतेस ना? थंडीचा कोट चांगला आहे का? दार आतून लावून घेत जा.

तुझा आजो
बाबाजी

---

लिस्बन
२ ऑगस्ट १९८६

प्रिय आजो, तुमच्या पायांवर डोके ठेवते.

हे पाकीट आहे, डिंक दोनदा लावला आहे. जयरामकाकांना सांगा, पुऱ्या एकदाच तळल्या तरी चालतील, पण त्यांच्या वाटणीला एकच येईल.

आजो, तुमच्यापासून लपवणार नाही. इथे आले तेव्हा पहिले तीन महिने मला कसलीच चव नव्हती. वर्गात कोणी माझ्याशी वाईट वागत नव्हते, पण कोणी माझे नावही धड घेत नव्हते. रविवारी सगळे बंद. त्या दिवशी मी खोलीत बसून भिंत बघायचे. तुम्ही संध्याकाळी दिवा लावता, ती वेळ इथे दुपारची. तेव्हा मला रडू यायचे.

मग मला कार्मेलीन माय भेटली. बाजारात ती भेंडी निवडता निवडता स्वतःशीच कोंकणीत भाजीवाल्याला शिव्या देत होती! मी हसले. ती म्हापशाची, तीस वर्षे इथे आहे. नवरा गेला, मूल नाही. तिनेच मला त्या इगर्जीत नेले, प्रार्थनेच्या वेळी नाही, दुपारी, कोणी नसताना. म्हणाली, “हांगा बस गो. कोण कांय विचारचो ना.” मी शेवटच्या बाकावर बसले. आपल्या देवळात दुपारी नैवेद्य झाल्यावर जसे शांत असते, तसेच तिथे होते. मी गुडघे टेकत नाही आणि पाद्री मला ओळखतही नाही. मी डोळे मिटून आपल्या घरातल्या सगळ्यांची नावे घेते. चुलतकाकांपासून म्हशीपर्यंत. एवढेच करते. त्यानंतर आठवडा नीट जातो.

आता माझे एक मागणे आहे. येत्या चवथीला मला इथे गणपती पुजायचा आहे. आईने दिलेली सुपारी आहे, तीच गणपती. कार्मेलीन मायच्या स्वयंपाकघरात जागा आहे. त्याच्या डोक्यावर माटोळीही बांधीन, इथे मिळतील त्या फळांची. पण गाऱ्हाणे मला तुकड्यातुकड्यांतच आठवते. ते लिहून पाठवाल का? सगळे, सुरुवातीपासून.

म्हापशाचे एक गृहस्थ परत येत आहेत, त्यांच्याबरोबर एक वस्तू पाठवते आहे. ते इथल्या पाइन झाडाचे फळ आहे. अगदी लाकडाच्या फुलासारखे दिसते. आपल्या माटोळीत नारळांच्या शेजारी बांधा. म्हणजे मी तिथे असल्यासारखी वाटेन.

तुमची
सुमंगला

---

पार्से
२५ ऑगस्ट १९८६

चि. सुमंगला हिला आशीर्वाद आहेतच.

पत्र मिळाले. वस्तू मिळाली. इकडे सर्व ठीक. काकडीच्या वेलाला तवशी यंदा चांगली धरली आहेत.

गाऱ्हाणे लिहून पाठवता येत नाही. ते कागदावर उतरवायचे नसते, उतरवले की त्यातले सत्त्व जाते, असे माझ्या बापाने मला सांगितले होते. आणि ते पुरुषमाणसाने घालायचे, तेही आपल्या घरात. दुसऱ्याच्या चुलीसमोर नाही. तू हात जोड, तेवढे पुरे.

तुझे लाकडाचे फूल गुंडाळीतून काढले तेव्हा चांगले उमललेले होते, पाकळी न् पाकळी वेगळी. देवाच्या खोलीत फळीवर ठेवले. पाचव्या दिवशी पाहतो तर घट्ट मिटलेले. बोटाने उघडायला गेलो, उघडेना. मी काही बोलत नाही. तुला कळावे म्हणून लिहिले.

ती बाई म्हापशाची कुठची? कोणाच्यातली?

बाबाजी

---

लिस्बन
२१ सप्टेंबर १९८६

प्रिय आजो, नमस्कार. हे पत्र दोन दिवस लिहिते आहे, सांगायचे इतके आहे.

तुमचे पत्र चवथ झाल्यावर मिळाले. गाऱ्हाणे लिहायचे नसते हे मला ठाऊक नव्हते. चुकून मागितले, रागावू नका. पण आजो, गाऱ्हाणे मी घातले. आता तुम्ही शिक्षा कराल ती घेईन.

कार्मेलीन मायकडे कपडे वाळत घालायची लाकडी चौकट आहे. ती आम्ही छताच्या आकड्याला टांगली. तिला हिरवी सफरचंदे, अंजिरे, मक्याची कणसे, लिंबे आणि एक छोटा भोपळा बांधला. नारळ एकच मिळाला, तोही केसाळ आणि म्हातारा. कार्मेलीन माय म्हणाली, “हो तुज्या आज्याभशेन दिसता.” तिने तुम्हाला पाहिलेले नाही, तरी तुमच्यासारखा म्हणाली, मी सांगितले तेवढ्यावरून.

वर्गातल्या दोन मुली आल्या होत्या, एक अंगोलाची, एक मकावची. त्यांना सांगून ठेवले होते, मी थांबले की तुम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. अर्थ समजावला. आपल्याकडे दुपारी एक वाजता आरती होऊन गाऱ्हाणे होते, तेव्हा इथे सकाळचे साडेआठ. मी मुद्दाम तीच वेळ धरली. म्हटले, तुम्ही तिथे माझे नाव घ्याल त्याच वेळी मी इथे तुमचे घेईन.

हात जोडले, पण सुरुवातच होईना. कार्मेलीन मायने कोपराने ढोसले, “तुज्या शापायचें नांव पयलें घे गो, मागीर सगळें येतलें.” शापाय म्हणजे त्यांच्यात आजोबा. तुमचे नाव घेतले आणि खरेच पुढचे आपोआप आले. विसरले तिथे मनाचे घातले. ‘व्हय म्हाराजा’ सर्वांत मोठ्याने कार्मेलीन मायच म्हणाली. मग तिने स्वतःच्या छातीवर क्रूस काढला आणि पातोळ्या खायला बसली. हळदीची पाने नव्हती म्हणून केळीच्या पानात केल्या. तुमच्या भाषेत, ठीक होत्या.

आजो, त्या दिवसापासून मला इथे परके वाटत नाही. देव आला म्हणून की माणसे आली म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

आणि लाकडाचे फूल मिटले म्हणून काळजी करू नका. मी हेच तर शिकते आहे! ते हवेतल्या ओलीने मिटते आणि कोरड्या हवेत उघडते. श्रावणात पार्स्यात ते उघडे राहीलच कसे? चुलीजवळ ठेवा. दोन दिवसांत उमलेल.

माझे नाव घेतलेत तेव्हा यंदा भावकीतले काय म्हणाले? ते नक्की लिहा.

तुमची
सुमंगला

---

लिस्बन
३० डिसेंबर १९८६

प्रिय आजो,

तीन महिने झाले, तुमचे पत्र नाही. इथे एका गोंयकाराकडे आलेल्या वर्तमानपत्रात वाचले की कोंकणी की मराठी या वादावरून तिकडे रस्ते बंद आहेत, जाळपोळ झाली. मला झोप नाही. आईला लिहिले, तिचेही उत्तर नाही. तुम्ही सगळे बरे आहात एवढे दोन शब्द लिहा. उघड्या कार्डावर लिहिले तरी चालेल.

काल इगर्जीत बसले होते, तिथेही मन लागले नाही.

सुमंगला

---

पार्से
२२ जानेवारी १९८७

चि. सुमंगला हिला आशीर्वाद.

आम्ही सर्व बरे आहोत. काळजी करू नकोस. पत्र नाही त्याला कारण बंद. रस्त्यावर झाडे पाडली होती, म्हापशाची बस नव्हती, टपाल कुठे कुठे अडकून पडले होते. जयराम आठ दिवस घरीच बसला, त्याला तेच हवे होते.

मी पेडण्याला मराठीच्या सभेला जाऊन आलो. तिथे खूप टाळ्या वाजवल्या. एकजण तावातावाने बोलत होता आणि मला मधेच तुझी ती कार्मेलीन आठवली. मग टाळ्या वाजेनात. आपली भाषा मराठी, मी मराठी बुके शिकलो, पत्र मराठीत लिहितो. पण म्हशीला ‘यो गो बाय’ म्हणतो ती भाषा कुठली, असा विचार आला. शेजारी गोकुळदास दुकानदार बसला होता, त्याला विचारले. तो म्हणाला, “बाबाजी, सभेत म्हशीचं काढू नका.”

भावकीतले काही बोलले नाहीत.

फूल चुलीजवळ ठेवले. उघडले.

बाबाजी

---

लिस्बन
१४ जून १९८७

प्रिय आजो, नमस्कार.

गोवा वेगळे राज्य झाल्याची बातमी इथे पोहोचली. कार्मेलीन मायने खिडकीत दिवा लावला आणि मला उंडो नि चहा दिला. इथला पाव तिला पटत नाही, उंडो ती घरीच भाजते. तीस वर्षांत एकदाही गोव्याला गेली नाही ती बाई. तिचे तिथे आता कोणी नाही. मला म्हणाली, “तुजें आसा. तूं वच.”

ती जा म्हणते, आणि मीही जुलैत यायचे म्हणत होते. आता बहुधा येणार नाही. अभ्यास आणखी एक वर्ष वाढवता येतो, त्याचे कागद भरायला घेतले आहेत. कारण अभ्यासाचेच आहे असे समजा.

आईचे पत्र आले. तिने लिहिले आहे, ‘गेल्या चवथीला तुझ्या आजोने गाऱ्हाणे घातले, त्याला मी एकटी व्हय म्हाराजा म्हणाले नाही. का ते त्यांनाच विचार.’

आजो, मी विचारत नाही. तुम्ही कधी खोटे लिहीत नाही, फक्त पत्र आखूड करता. जानेवारीतले पत्र मी बऱ्याचदा वाचले. कागद भरून पाठवण्याची शेवटची तारीख ऑगस्टअखेर आहे.

सुमंगला

---

पार्से, पेडणे
१ ऑगस्ट १९८७

चि. सुमंगला, माझ्या बाये,

आशीर्वाद देतो असे लिहायला आज लाज वाटते, म्हणून आधी सांगायचे ते सांगून घेतो.

गेल्या चवथीला मी तुझे नाव घेतले नाही.

विसरलो नाही. घ्यायचे नाही असे ठरवूनच उभा राहिलो. तुझे कार्ड पारावर वाचले गेल्यापासून पोर हातची गेली आणि मीच घालवली, हेच दिवसभर डोक्यात. देवळात जाऊन कौल लावावा म्हटले. पण तिथे देवाच्या अंगावर फुले लावून गुरव मोठ्याने प्रश्न विचारतो, उजवे पडले का डावे ते सगळा गाव बघतो. माझा प्रश्न गावाने ऐकला तर? ती भीती देवापेक्षा मोठी झाली. मग मी घरीच, कोणाला न सांगता, तुझ्या त्या लाकडाच्या फुलाला विचारले. हात जोडून म्हटले, उमललेले राहिलेस तर पोर आपली, मिटलेस तर गेली.

आणि ते मिटले.

बाये, माझे वय बाहत्तर. या घराचे फणसाचे दार दर पावसात फुगते. दर श्रावणात मी ते खांद्याने ढकलतो, दर दिवाळीला ते आपोआप सैल होते. लाकूड ओलीने काय करते हे मला शिकवायला लिस्बनची शाळा नको. त्याच दाराला खांदा लावून मी देवाच्या खोलीत गेलो, मिटलेले फूल पाहिले आणि त्यात देवाचे उत्तर वाचले. एकदाही मनात आले नाही की हेही लाकूडच आहे. कारण मला तेच उत्तर हवे होते. तू गेलीस असे देव म्हणाला की माझ्यावरचा बोल गेला.

तुझ्या नावाशी आलो तेव्हा श्वास घेतला आणि तुझ्या चुलतभावाच्या नावावर गेलो. भावकीतल्या कोणाच्या लक्षातही आले नाही, मुलीचे नाव असतेच कुठे? ते सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. तुझी आई पातोळ्यांचे ताट हातात धरून दारात उभी होती. तिचे ओठ हलले नाहीत. त्या दिवसापासून ती मला पेज वाढते, पाणी देते, पण ‘मामा, आणखी वाढू?’ असे विचारत नाही. अकरा महिने झाले.

मग तुझे पत्र आले. साडेआठचा हिशेब वाचला. मी तुझे नाव गिळले त्याच घटकेला तू माझे पहिले घेतलेस, आणि ज्या बाईला मी कोणाच्यातली म्हणून विचारले, तिने ते तुला आधी घ्यायला लावले. ते पत्र मी गोठ्यात जाऊन वाचले. फूल चुलीजवळ ठेवले, सकाळी बघतो तर सगळ्या पाकळ्या उघड्या. ते मिटलेले बरे होते. उघडलेले मला बघवेना. कोठीत कोयत्यांच्या मागे ठेवून दिले. बंदमुळे पत्र नाही असे लिहिले ते अर्धेच खरे. बंद आठ-दहा दिवसांचा, मी चार महिने तोंड लपवले.

आणखी एक. गाऱ्हाणे लिहायचे नसते असे माझ्या बापाने कधी सांगितले नाही. तो बिचारा अंगठा लावायचा. ते मी रचले.

काल हे सारे तुझ्या आईला चुलीपाशी बसून सांगितले. म्हटले, “वत्सला, मी चुकलो.” ती कांदा चिरत होती, चिरतच राहिली. मग उठली, कोठीत गेली, ते फूल आणले, झटकले. सुंभाची दोरी आणून माझ्या हातात दिली. म्हणाली, “नीट बांधा, मामा. गेल्या वर्सा सैल बांधलेलं तवशं सुटून भटाच्या डोक्यात पडलं होतं.” एवढेच बोलली. आज पेज वाढताना ‘आणखी?’ असे म्हणाली.

माटोळीला मधोमध, नारळ आणि तोरिंजनाच्या फळाच्या मधे ते बांधणार आहे. चवथीत ओल असेल, मिटेल. मिटू दे. तेव्हा जयराम ‘हे काय?’ म्हणून विचारील, त्याला सांगेन.

तू कागद भरायचे की नाही ते तू ठरव. मी ये म्हणत नाही. म्हणायचा हक्क सध्या माझ्याकडे नाही. तिथे तुला शांत वाटते तर राहा, बस त्या बाकावर. पण माझ्यामुळे राहू नकोस.

खाली गाऱ्हाणे लिहून देतो. अक्षर वाईट आहे, समजून घे. पुरुषमाणसाने घालायचे वगैरे लिहिले होते ते खोड. घरातल्या थोरल्याने घालायचे एवढेच खरे आणि तिथे कार्मेलीनच्या घरात आपल्या देवाकडे बोलायला थोरली तूच. इथे मी हेच शब्द म्हणणार, भावकीच्या देखत, दुपारी एकला.

‘बा देवा गजानना म्हाराजा, आज तुझ्या पायाकडे ही लेकरां उभी आसत. गोडधोड केलेला मान्य करून घे. या घरचो थोरलो बाबाजी, त्याचो झील सगुण, सून वत्सला, आणि समुद्रापलीकडे ऱ्हवलेली लेक सुमंगला, हिच्या पाठीर ऱ्हव. तिका ज्या माणसान परक्या गावात आसरो दिलो, त्या म्हापशाच्या कार्मेलीनीक बरें घाल. ती आमच्याच घरची. आणि देवा, या घरच्या थोरल्यान एका वर्सा आपल्याच लेकीचा नाव भिऊन गिळला, ता तुझ्या पोटात घाल. ती जंय ऱ्हवात थंय तिका तिचा घर मेळू दे, आणि इलीच तर हें दार तिका फुगलेला मेळू नये, रे म्हाराजा.’

यापुढे इतरांनी काय म्हणायचे ते तुला माहीत आहे. ते मी लिहिलेले नाही. गाऱ्हाणे घालणाऱ्याने ते स्वतः म्हणायचे नसते.

तुझा आजो